तक्रारपेटी रिकामीच निघते. जूनच्या आत शाळेत काय काय बसवावं?

कातळवाट

नमस्कार. माध्यमिक शाळा, पाचवी ते दहावी, 146 मुलं, शिक्षक 7, शिक्षकेतर 2. शाळा गुहागर तालुक्यात खाडीच्या अंगाला, संस्थेचं मंडळ मुंबईला. मुलं पाच वाड्यांतून येतात; निम्मी एसटीने, बाकीची सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, पायवाटेने. सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती) कागदावर आहे. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर टांगलेली आहे. महिन्याने उघडली की आत चॉकलेटचे कागद आणि बोरांच्या बिया. मग "तक्रार निरंक" असा शेरा आणि वही बंद. निरंक म्हणजे त्रास नाही, असं मानायला मन धजत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पेटीचं काय करावं? मूल येऊन बोललं तर पहिल्या तासाभरात कुणी नेमकं काय करायचं? आणि शाळा सुटल्यापासून घरी पोचेपर्यंतचं काय? मंडळाला पत्र लिहायचंय, तेव्हा कायदा जाणणाऱ्यांनी कृपया कलमांसकट सांगावं.

---

कोकम_आगळ

पेटीपासून सुरू करतो, कारण ती सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होते.

दीडशे मुलांच्या शाळेत बाईंना प्रत्येकाचं अक्षर ओळखू येतं, आणि हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. त्यात पेटी मुख्याध्यापकांच्या दारात. तिच्यापाशी घुटमळणं म्हणजे दवंडी पिटण्यासारखंच. म्हणून चिठ्ठी एकट्याने टाकायची पद्धतच बंद करा. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला अख्ख्या वर्गाला छापील चिठ्ठ्या द्या. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की एका कागदात चार मुलं होतात, म्हणजे 146 मुलांना 37 कागद. चिठ्ठीवर लिहायचं काही नाही, फक्त खुणा करायच्या. या आठवड्यात कुणी त्रास दिला का: हो / नाही. कुठे: वर्ग, मैदान, स्वच्छतागृह, एसटी, थांबा, पायवाट, शिकवणी, मोबाईल. कुणाकडून: मूल / मोठं माणूस. शेवटी "मला बोलायचंय" असा एक चौकोन आणि त्यापुढे नावासाठी रेघ. नाव घालायची सक्ती नाही. सगळ्यांनी पेन्सिलच वापरायची. काही सांगायचं नसलं तरी चिठ्ठी घडी करून टाकायचीच. एकशे सेहेचाळीस घड्यांत चार बोलक्या निघाल्या तर त्या कुणाच्या, हे बाहेरून कुणाला कळत नाही.

पेटी लाकडी नको. जुलैत फुगते, झाकण बसत नाही, आणि खाऱ्या हवेने कुलूप आवळून बसतं. मग कुणीतरी कोयंडाच उचकटतं आणि पुढे वर्षभर ती तशीच लटकते. जाड प्लॅस्टिकची घ्या, पितळी कुलपं दोन. पागोळ्यांच्या भिंतीवर न लावता पडवीच्या आतल्या भिंतीवर, वाचनालयाजवळ लावा. कॅमेऱ्याच्या टप्प्यात नको. एक किल्ली शिक्षिकेकडे, दुसरी पालक प्रतिनिधीकडे. मुख्याध्यापकांकडे एकही नको. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, चिठ्ठी त्यांच्याबद्दलही असू शकते म्हणून. सोमवारी मधल्या सुट्टीत दोघांनी मिळून उघडायची आणि पानांना क्रमांक घातलेल्या बांधीव वहीत नोंद करायची. महिन्यातून एकदा उघडणं फार उशिराचं.

दुसरं काम नकाशाचं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक तास काढा. मुलगे आणि मुली वेगळ्या बसवा, चार-चार जणांना एक कोरा कागद द्या आणि घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगा. जिथे बरं वाटतं तिथे हिरवा ठिपका, नकोसं वाटतं तिथे लाल, आणि लाल ठिपक्याशेजारी वेळ. "कुणी काय केलं" हे या तासाला विचारायचं नाही, फक्त जागा आणि वेळ. सगळे कागद शेजारी शेजारी मांडले की दोन-तीन जागा पुन्हा पुन्हा दिसतात: स्वच्छतागृहामागची गल्ली, काजूच्या बागेतलं वळण, बंद पडलेली पिकअप शेड. काम तिथून सुरू करा. नकाशे भिंतीवर मात्र लावू नका.

---

खाडीपलीकडे

कायद्याचं मी सांगतो. आधी एक फरक. टिंगल, दमदाटी, मारहाण, जातीवरून बोलणं या गोष्टी एका रांगेत. लैंगिक त्रास दुसऱ्या. पहिल्यात शाळेला काही प्रमाणात स्वतः हाताळायला वाव आहे. दुसऱ्यात नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012, म्हणजे सगळे ज्याला पोक्सो म्हणतात तो. 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल, मुलगे धरून. नुसता स्पर्शच गुन्हा असं नाही: कलम 11 प्रमाणे लैंगिक हेतूने बोलणं, हावभाव, अश्लील चित्र दाखवणं, पुन्हा पुन्हा मागे लागणं, मोबाईलवरून सतत संपर्क करणं हेही येतं आणि कलम 12 खाली त्याला 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हात लावणारा शाळेचाच कर्मचारी असेल तर कलम 9 आणि 10 लागतात: किमान 5, कमाल 7 वर्षं.

तुमच्या मंडळाच्या पत्रात कलम 19 आणि 21 ठळक अक्षरात घाला. असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, अशा प्रत्येकाने स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. पुरावा हातात लागेपर्यंत थांबायची सवलत नाही. न कळवल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर 1 वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे, आणि मुलाची तक्रार खोटी निघाली तरी मुलाला शिक्षा नाही.

आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच. मुख्याध्यापक म्हणतात, "मुंबईला विचारून सांगतो." मंडळाची बैठक पुढच्या रविवारी दादरला, मग ठराव, मग पत्र. तोवर गावात कुजबुज, आणि देवळात बैठक बसवून "पोराचं आयुष्य आहे, बाईमाणसाची अब्रू आहे" म्हणून मिटवामिटवी. पोक्सोचा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही. बैठक घेणाऱ्यांपैकी ज्यांना प्रकार कळला तेसुद्धा कलम 19 च्या कक्षेत येतात, हे मानकऱ्यांना आधीच एकदा नीट समजावून सांगा. पोलीस पाटलांकडून सांगितलंत तर अधिक बरं. मंडळाकडून आत्ताच एका ओळीचा ठराव घेऊन ठेवा: "पोलिसांना कळवण्यासाठी मुख्याध्यापकांना वा अन्य कोणाही कर्मचाऱ्याला मंडळाच्या परवानगीची गरज नाही."

ठाण्यात जाताना लेखी पत्राच्या दोन प्रती न्या; एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि वेळ घ्या. "तुमची हद्द नाही" असं सांगितलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 बघा. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. नोंद नाकारली तर त्याच कलमाखाली तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. पोलिसांनी 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाचा जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशात न येता घ्यायचा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. हे पोक्सोचं कलम 24. एवढी चार वाक्यं छापून मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा.

आणि तुमच्या शाळेत कर्मचारी 9. महिला शिक्षकांना कामाच्या जागी त्रास झाला तर 2013 चा वेगळा कायदा आहे, पण अंतर्गत समितीची सक्ती 10 कर्मचाऱ्यांपासून. तुमच्या बाईंनी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, घटनेपासून 3 महिन्यांच्या आत. ती समिती मुलांच्या तक्रारीसाठी नाही. दोन्हींची गल्लत सर्रास होते.

---

उंडी

मूल बोललं तर ऐकणाऱ्याने काय करायचं, त्यावर लिहिते. ऐकणारा माणूस ठरवून ठेवू नका. मूल ज्याच्याकडे येईल तो ऐकणारा, मग तो शिपाई असो की खिचडी शिजवणाऱ्या ताई. म्हणून नऊच्या नऊ जणांना आणि स्वयंपाकाच्या ताईंना हे आलं पाहिजे.

बसायचं दार उघडं असलेल्या पण आवाज बाहेर न जाणाऱ्या जागी, मुलाच्या उंचीला. पहिली वाक्यं पाठच करा: "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझं काही चुकलेलं नाही. मला हे एक-दोन जणांना सांगावं लागेल, कुणाला ते तुला आधी सांगेन." "कुणाला सांगणार नाही हं" असं वचन कधीही देऊ नका; ते तासाभरात मोडावं लागतं आणि मग मूल पुढे कुणाशीच बोलत नाही.

प्रश्न चारच: काय झालं, कुणी, कुठे, कधी. शेवटी "अजून काही सांगायचंय?" आणि थांबा. "तू तिथे का गेलीस", "ओरडली का नाहीस", "सरांनी चुकून हात लावला असेल का" यातला एकही प्रश्न नको. पहिले दोन मुलावर खापर फोडतात, तिसरा उत्तर तोंडात घालतो, आणि कोर्टात बचावाचा वकील नेमका तोच पकडतो. मुख्याध्यापक, मग समिती, मग संस्थाचालक असं चार वेळा मुलाकडून वदवून घेणं हा तर त्रासाचाच पुढचा भाग. शाळेने चौकशी करायची नाही. ऐकायचं, लिहायचं, कळवायचं.

लिहिताना मुलाचे शब्द जसेच्या तसे. मालवणी बोलणाऱ्या मुलीने "ते माका मागसून धरतत" म्हटलं तर तेच लिहा. "सदर शिक्षकाने विनयभंग केला" असं करू नका. अवयवासाठी मूल जो शब्द वापरेल तोच. तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर, तुम्ही काय विचारलंत, सही. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहा. खाडाखोड आणि पांढरी शाई नको.

प्रकार नुकताच घडला असेल तर अंघोळ नको, कपडे धुणं नको. कपडे बदललेच असतील तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, आपल्या हवेत एका रात्रीत बुरशी धरते आणि नमुना वाया जातो. गुन्हा नोंदवलेला नसला तरी वैद्यकीय तपासणी होऊ शकते (पोक्सो कलम 27). मुलीसाठी डॉक्टर महिला, सोबत पालक किंवा मुलीच्या विश्वासाचं माणूस. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून "उद्या बघू" नको.

त्याच दिवशी ज्याच्यावर आरोप आहे त्याला मुलापासून दूर करा. उलटं नको! मुलीची तुकडी बदलणं, तिला चार दिवस घरी बसवणं, दाखला हातात ठेवणं म्हणजे शिक्षा तिलाच. आणि शिक्षकाची गुपचूप दुसऱ्या शाळेत बदली म्हणजे तिथल्या मुलांच्या पदरात निखारा टाकणं.

---

सुकाणू

कॅमेऱ्यांबद्दल कुणी बोललं नाही. बदलापूरनंतर 2024 च्या ऑगस्टमधल्या शासन निर्णयात त्यावर बराच भर आहे, म्हणून मंडळ आधी तेच घ्यायला धावेल. घ्या, पण हिशेब करून. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण 2 एमबीपीएसने दिवसाला 21-22 जीबी खातो. चार कॅमेरे म्हणजे 86 जीबी, आणि 1 टीबीची डिस्क 11 दिवसांत भरून जुनं पुसायला लागते. मुलं बहुतेकदा त्याहून उशिरा बोलतात. 4 टीबी घ्या, म्हणजे दीड महिना मिळेल. वीज जाऊन आली की कितीतरी डीव्हीआरचं (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ मागे पडतं, आणि पावसाळ्यात तर वीज रोजच जाते. तेव्हा यूपीएस लावा आणि सोमवारी पेटी उघडताना घड्याळही तपासा. जोडण्या खाऱ्या वाऱ्याने हिरव्या पडतात. बंद डबीत ठेवा. तक्रार आली की पहिल्यांदा रेकॉर्डिंग पुसलं जाणं थांबवा, मग बाकीचं. पोलिसांना प्रत देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं.

स्वच्छतागृहात कॅमेरा नको हे सांगायला नको. तिथे आतून लागणारी कडी आणि दिवा हवा. कडी 40-50 रुपयांची असते आणि निम्म्या शाळांत तीच तुटलेली असते.

---

कोकम_आगळ

सुकाणू, सहमत. कॅमेरा झाल्यावर दाखवतो, आधी अडवत नाही. मंडळाकडे पैसे एकाच गोष्टीचे असतील तर आधी कड्या आणि दिवे.

---

थांबा_विनंतीवरून

वाटेचं मी घेतो. बहुतेक वेळा घोळ वेळापत्रकात असतो. शाळा 5 ला सुटते, गाडी 5.50 ची. मधली पन्नास मिनिटं थांब्यावर मुलं, टपरीवरची टोळकी आणि पावसाळ्यात भरून आलेला अंधार. आगार व्यवस्थापकांना पत्र द्या, प्रत विभाग नियंत्रक, रत्नागिरी यांना. "गाडी वेळेवर सोडावी" असं मोघम लिहू नका. मार्ग, सध्याची वेळ, हवी ती वेळ, पासधारक मुला-मुलींची संख्या थांब्यानुसार लिहा. ग्रामीण भागातल्या मुलींचे पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत असल्याने आकडा आगाराकडेही असतो. तुमचा त्याच्याशी जुळला की पत्राला वजन येतं. गाडी हलत नसेल तर शाळेचाच शेवटचा तास वीस मिनिटं पुढे सरकवा आणि उरलेला वेळ मुलांना पडवीत बसवा, एक शिक्षक पाळीने. थांब्यावर सोडून यायचं ते गाडी दिसल्यावर.

गाडीत त्रास झाला तर मुलांना शिकवायचं वाक्य मोठ्याने आणि नेमकं हवं: "निळ्या शर्टातले काका, हात काढा." गर्दीत नुसतं "ए!" म्हटलं तर कुणी वळूनही बघत नाही. मग वाहकाला सांगायचं. वाहकाने न ऐकल्यास गाडीचा क्रमांक, मार्ग, वेळ आणि तिकीट जपून ठेवायचं. एवढ्यावरून आगाराला त्या फेरीचा वाहक-चालक लगेच काढता येतो.

पायवाटेच्या मुलांचे वाडीनिहाय गट करा, प्रत्येकात एक नववी-दहावीतलं मूल, निघताना आणि पोचल्यावर मोजणी. सड्यावर रेंज कुठे येते ते दगड मुलांना माहीत असतात, तेही नकाशात घ्या. 1098 (मुलांची मदतवाहिनी) आणि 112 (पोलीस व तातडीची मदत) दोन्हीला फोन फुकट लागतो. नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून घ्या.

एक नियम अप्रिय होईल, तरी करा. पावसात सर एखाद्या मुलीला गाडीवर घरी सोडतात, आणि बहुतेकदा चांगल्या मनानेच सोडतात. एकट्या मुलाला लिफ्ट नाही. सोडायचंच तर आधी घरी फोन, वहीत नोंद. नियम सगळ्यांना सारखा असला की चांगल्या माणसाला राग येत नाही आणि वाईट हेतूच्या माणसाला सबब उरत नाही. खाजगी व्हॉट्सअ‍ॅपचंही तेच: मुलाला एकट्याला निरोप नाही, गटातच, आणि गटात दोन शिक्षक.

---

कातळवाट

खूप उपयोगी. दोन शंका. एक, पालकच म्हणाले "आम्हाला तक्रार नको," तर? दोन, मुलांमुलांतलं. नववीतल्या एका मुलाच्या चेहऱ्याचा फोटो भलत्या शरीरावर लावून इन्स्टाग्रामवर फिरवला, असं काही झालं तर शाळेने काय करायचं? आणि रोजची चिडवाचिडवी?

---

खाडीपलीकडे

पालकांचा नकार असला तरी कलम 19 चं तुमचं कर्तव्य संपत नाही. तसं त्यांना शांतपणे सांगा: "तुम्ही तक्रार करत नाही आहात, शाळा कळवते आहे." वैद्यकीय तपासणीला मात्र मुलाची किंवा त्याच्या वतीने पालकांची संमती लागते, तिथे बळजबरी नाही. बाल कल्याण समितीकडून मुलासाठी सहाय्यक व्यक्ती मिळते, ती ठाण्यापासून कोर्टापर्यंत सोबत असते. हे कळलं की निम्मे पालक तयार होतात, कारण भीती असते ती एकट्याने रत्नागिरीच्या खेपा घालायची. मुलाचं, शाळेचं, वाडीचं नाव बाहेर फुटू देऊ नका, कलम 23. स्थानिक व्हॉट्सअ‍ॅप गटात "अमुक वाडीतली दहावीतली मुलगी" एवढं लिहिलं तरी अख्खं गाव ओळखतं.

---

उंडी

फोटोचं. कुणीही तो "पुरावा म्हणून" स्वतःच्या मोबाईलवर घेऊ नका, मुख्याध्यापकांना पाठवू नका. मुलाचं अश्लील चित्र जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे (माहिती तंत्रज्ञान कायदा कलम 67 ब, पोक्सो कलम 15). कागदावर खात्याचं नाव, दुवा, तारीख, वेळ, कुणाच्या फोनवर दिसलं ते लिहा. मूळ फोनमधलं काही खोडू नका, तो पोलिसांना दाखवायचा. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते. चित्र पसरणं थांबवायला 18 खालच्यांसाठी 'टेक इट डाऊन' ही मोफत सेवा आहे: चित्र कुठे पाठवावं लागत नाही, फोनवरच त्याची आकड्यांची खूण तयार होते आणि फक्त ती खूण इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्यांकडे जाते. करणारं मूलच असेल तर त्याच्यासाठी बाल न्याय मंडळ आहे. वर्गासमोर उभं करून कान धरायला लावणं हे उत्तर नव्हे; तसंही शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदीच आहे.

रोजच्या चिडवाचिडवीत सगळ्यात वाईट उपाय म्हणजे दोघांना समोर आणून "सॉरी म्हणा, हात मिळवा". दुबळ्याला दुसऱ्यांदा हरवण्याचा कार्यक्रम होतो तो. वेगवेगळं बोला. आधी सोसणाऱ्याशी, मग बघ्यांपैकी दोघा-तिघांशी एकेकट्याने, शेवटी करणाऱ्याशी. त्याला "का केलंस" न विचारता "हे थांबायचंय, उद्यापासून मधल्या सुट्टीत तू कुठे असशील?" असं ठरवून घ्या. तिसऱ्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी सोसणाऱ्याला पुन्हा विचारा, सहज, पाणी पिताना वगैरे. पहिल्या आठवड्यात त्रास उघडपणे थांबतो आणि वाटेवर सरकतो, म्हणून पंधरावा दिवस महत्त्वाचा. टोपणनाव जातीवरून किंवा अपंगत्वावरून असेल तर पहिल्याच वेळी लेखी नोंद आणि पालक. ते थट्टेत धरू नका.

1999 चा राज्याचा रॅगिंग प्रतिबंध कायदाही आहे, वसतिगृह जोडलेलं असेल तर तिथेही तो लागतो: तक्रार आल्यावर 7 दिवसांत प्रमुखाने चौकशी करायची, आणि दुर्लक्ष केलं तर तो चिथावणीत धरला जातो.

---

कातळवाट

वसतिगृह नाही. ठरावाचा मसुदा आज रात्री लिहिते, आगाराचं पत्र सोमवारी. चिठ्ठीत पाचवीच्या मुलांना "त्रास" हा शब्द कळेल का?

---

कोकम_आगळ

पाचवी-सहावीसाठी शब्द कमी करा. "नकोसं वाटलं" लिहा आणि जागांसाठी चित्रं काढा: गाडी, झाड, नळ, मोबाईल. पहिल्या दोन शनिवारी खुणा अस्ताव्यस्त येतील, काही पोरं गंमत म्हणून सगळीकडे फुल्या मारतील. तरी एकही चिठ्ठी फेकू नका. तिसऱ्या शनिवारनंतर कुठली फुली दर वेळी त्याच चित्रावर पडते ते बघा.